पारितोषिक एकाला, काम दुसऱ्याला

सरकारी इमारतीसाठी वास्तुरचना स्पर्धा जाहीर झाली की वृत्तपत्रांत तिची बातमी दोनदा येते. पहिली स्पर्धेच्या घोषणेची आणि दुसरी विजेत्या आराखड्याच्या रंगीत चित्रांची. या दोहोंच्या मधल्या काळात स्पर्धकांच्या हाती एक नियमपत्रक असते. त्यातील कलमांविषयी ते लेखी शंका विचारतात, आयोजक लेखी उत्तरे देतात आणि कधी शुद्धिपत्रक निघते. याची बातमी कधीच होत नाही. ती व्हावी इतकी ती चटकदार नसते, हे मान्य. तथापि गेल्या दशकभरात आपल्याकडे सार्वजनिक इमारतींच्या रचनेवरून जे मोठे वाद झाले, त्यांचा माग काढताना मी दर वेळी या कागदांपाशीच येऊन थांबलो आहे. इमारत सुंदर की कुरूप, हा वाद रंजक असतो. निर्णय कोणाचा, तो कोणावर बंधनकारक आणि तो फिरवायचा तर कारण कोणाला द्यावे लागते, हे प्रश्न रूक्ष आहेत. पण सार्वजनिक पैशाचा आणि सार्वजनिक विश्वासाचा संबंध त्यांच्याशी अधिक आहे.

अमरावतीचे उदाहरण घेऊ. आंध्र प्रदेशाच्या नव्या राजधानीतील शासकीय संकुलासाठी तीन नामवंत संस्थांना निमंत्रित करण्यात आले होते. जपानचे फुमिहिको माकी, ब्रिटनचे रिचर्ड रॉजर्स यांची संस्था आणि अहमदाबादचे बाळकृष्ण दोशी यांची ‘वास्तुशिल्प’. माकी आणि रॉजर्स प्रित्झकर पारितोषिकाचे मानकरी होते. दोशींना तो मान दोन वर्षांनी, २०१८ मध्ये मिळाला. परीक्षक मंडळाच्या अध्यक्षस्थानी पुण्याला कर्मभूमी मानलेले ख्रिस्तोफर बेनिंजर होते. मार्च २०१६ मध्ये मंडळाने माकी यांचा आराखडा निवडला. त्या वेळी माकी सत्त्याऐंशी वर्षांचे होते. निकाल लागला, चित्रे प्रसिद्ध झाली आणि थट्टा सुरू झाली. विधानसभा आणि उच्च न्यायालय यांच्या इमारती वीजनिर्मिती केंद्राच्या धुराड्यांसारख्या दिसतात, असे लोक म्हणू लागले. ती थट्टा अगदीच अन्याय्य होती असे मी म्हणणार नाही. चित्रे पाहून मलाही क्षणभर तसेच वाटले होते. पण थट्टेनंतर जे घडले ते थट्टेचा विषय नव्हते. वर्ष संपण्याच्या सुमारास माकी बाहेर पडले होते आणि काम नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेकडे गेले. मूळ तीन स्पर्धकांत फॉस्टर नव्हते. पुढे २०१७ मध्ये रचनेविषयी सूचना घेण्यासाठी चित्रपट दिग्दर्शक एस. एस. राजामौली यांना पाचारण करण्यात आले. माकी यांनी भारताच्या वास्तुकला परिषदेला पत्र लिहून या साऱ्या प्रक्रियेतील अपारदर्शकतेबद्दल तक्रार केली. २०२४ मध्ये ते गेले.

या प्रकरणी सर्वांत अधिक बोलले गेले ते अभिरुचीबद्दल. जपानी साधेपणा विरुद्ध तेलुगू वैभव, परकीय वास्तुरचनाकार विरुद्ध स्थानिक परंपरा असे ते द्वंद्व रंगवले गेले. मला मात्र प्रश्न अभिरुचीचा वाटत नाही. लोकनियुक्त सरकारला एखादा आराखडा न आवडणे, हा काही गुन्हा नव्हे. प्रश्न असा की, परीक्षक मंडळाचा निकाल हा निर्णय होता की सल्ला? निर्णय असेल तर तो कोणत्या कलमान्वये फिरला? सल्ला असेल तर ते स्पर्धकांना, परीक्षकांना आणि आंध्रच्या करदात्यांना आरंभीच स्पष्ट शब्दांत सांगायला हवे होते. एवढा एक मुद्दा निःसंदिग्ध असता, तर वाद झाला असता. पण तो फसवणुकीचा झाला नसता.

आपल्या सरकारी कागदपत्रांत एक वाक्य वर्षानुवर्षे जसेच्या तसे उतरत आले आहे: कोणतेही कारण न देता कोणताही अथवा सर्व प्रस्ताव नाकारण्याचा अधिकार प्राधिकरण राखून ठेवत आहे. सिमेंट, खुर्च्या किंवा झाडलोटीचे कंत्राट यांच्या निविदेत ते शोभून दिसते. वास्तुरचना स्पर्धेच्या नियमपत्रकात ते घातले की स्पर्धा या कल्पनेचाच पाया उखडतो. निविदाकार दर भरतो तेव्हा त्याचे काही दिवसांचे काम खर्ची पडते. स्पर्धक आराखडा पाठवतो तेव्हा त्याने महिनोन्‌महिन्यांची बुद्धी आणि कार्यालयाचा पगार त्यात ओतलेला असतो. तो हे करतो ते एका लेखी हमीच्या भरवशावर. आम्ही नेमलेले जाणकार तुमच्यातील सर्वोत्तम आराखडा निवडतील आणि निवडल्यास काम तुम्हाला देऊ, अशी ती हमी असते. एका कलमात ही हमी द्यायची आणि दुसऱ्या कलमात कारण न देता ती मागे घेण्याचा अधिकार राखायचा, हा प्रकार खासगी सावकाराला शोभेल, सरकारला नाही.

यावर उपाय अज्ञात आहेत असेही नाही. वास्तुरचनेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांविषयी युनेस्कोने १९५६ मध्येच शिफारशी स्वीकारल्या आणि १९७८ मध्ये त्या सुधारल्या. स्पर्धकांची नावे परीक्षकांपासून गुप्त असावीत, स्पर्धकांच्या प्रश्नांची उत्तरे सर्व स्पर्धकांना एकाच वेळी मिळावीत, निकाल आयोजकावर बंधनकारक असावा आणि विजेत्याला काम न दिल्यास भरपाई द्यावी, हा त्या संकेतांचा गाभा आहे. आपल्या वास्तुकला परिषदेची मार्गदर्शक तत्त्वेही याच वाटेने जातात. मग अडते कुठे? अडते ते अंमलात. परिषद १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने स्थापन झाली. तिच्या १९८९ च्या व्यावसायिक आचरणविषयक विनियमांनुसार या तत्त्वांचे पालन करणे वास्तुरचनाकारांवर बंधनकारक आहे. मान्य नियमांनुसार होणाऱ्या स्पर्धेचा अपवाद वगळता, मोबदल्याविना किंवा कमी मोबदल्यात इतरांशी चढाओढ करून आराखडे तयार करू नयेत, असेही ते विनियम सांगतात. म्हणजे नियम मोडणाऱ्या स्पर्धेत भाग घेतला तर गैरवर्तनाचा ठपका वास्तुरचनाकारावर. ती स्पर्धा भरवणाऱ्या सरकारवर मात्र काहीच नाही. परिषद सरकारला फार तर पत्र लिहू शकते. ज्याच्या हाती सारी सत्ता, त्याच्यावर नियमाचा अंमल नाही आणि ज्याच्या हाती केवळ पेन्सिल, त्याच्यावर मात्र आहे, अशी ही उफराटी व्यवस्था पन्नास वर्षांत कोणत्याही पक्षाच्या सरकारला बदलावीशी वाटलेली नाही.

दिल्लीतील सेंट्रल व्हिस्टाच्या बाबतीत तर स्पर्धेचे नावही घेतले गेले नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने सप्टेंबर २०१९ मध्ये सल्लागार नेमण्यासाठी निविदा काढली. सहा संस्थांनी प्रस्ताव दिले आणि ऑक्टोबरमध्ये अहमदाबादच्या एचसीपी संस्थेची २२९.७५ कोटी रुपये शुल्कावर निवड झाली. प्रजासत्ताकाची संसद, केंद्रीय सचिवालय आणि राजपथाचा परिसर यांचे भवितव्य ठरवणारी निवड दोन महिन्यांच्या आत उरकली. या घाईवर मी तेव्हाही टीका केली होती आणि इमारत दिमाखात उभी राहिल्यानंतरही ती मागे घेण्याचे कारण मला दिसत नाही. पण टीका नेमकी असावी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ५ जानेवारी २०२१ रोजी दोन विरुद्ध एक मतांनी प्रकल्पाला हिरवा कंदील मिळाला. न्या. संजीव खन्ना यांचे असहमतीचे निकालपत्र पुष्कळ गाजले. ते लोकसहभाग आणि वारसा जतन समितीची पूर्वमान्यता या मुद्द्यांवर होते. सल्लागाराच्या निवडीपुरते पाहिले तर तेही बहुमताशी सहमत होते. तिन्ही न्यायमूर्तींना निवडीत बेकायदा काही आढळले नाही. याचा अर्थ निवड उत्तम झाली असा नव्हे. याचा अर्थ, संसदेची इमारत कोण रचणार हे ठरवण्यासाठी स्पर्धा घेतलीच पाहिजे, असा नियम या देशात नाही. जे कायद्यातच नाही ते न्यायालय कुठून काढून देणार?

सरकारी अधिकाऱ्याच्या टेबलावर असते ती २०१७ ची सामान्य वित्तीय नियमावली. सल्लागार निवडीसाठी तिच्यात तीन मुख्य वाटा आहेत: गुणवत्ता आणि दर यांचा एकत्रित विचार, किमान दर आणि अपवादात्मक स्थितीत थेट नामनिर्देशन. पहिल्या पद्धतीतही गुणवत्तेचे वजन ८० टक्क्यांहून अधिक ठेवता येत नाही. किमान २० टक्के गुण दराला द्यावेच लागतात. यामागचा हेतू मला समजतो. उद्या लेखापरीक्षकाने विचारले तर आकडा दाखवता यावा, दक्षता आयोगाने विचारले तर तक्ता दाखवता यावा. ‘मला हा आराखडा अधिक चांगला वाटला’ असे फाइलवर लिहून सही करण्याचे धाडस कोणता कार्यकारी अभियंता करील? त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. खरे तर तो शहाणा आहे. नीट आखलेली स्पर्धा त्याच्यासाठीच ढाल ठरू शकते. निर्णय त्याचा नसतो, जाणकार मंडळाचा असतो; कारणे लेखी असतात आणि शुल्क आधीच जाहीर झालेले असते. दरात स्पर्धाच नसली की कमी दराची निविदा का डावलली, हा प्रश्न उद्भवत नाही.

शुल्क आधीच जाहीर करणे ही क्षुल्लक वाटणारी तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते. इमारतीच्या आयुष्यभराच्या खर्चात रचनाकाराचे शुल्क हा लहानसा हिस्सा असतो. त्यात पाव टक्का वाचवून पुढची पन्नास वर्षे वातानुकूलनाचे वाढीव बिल भरायचे, असा व्यवहार घरचा पैसा असता तर कोणी केला नसता.

दुसरा कळीचा मुद्दा पात्रतेचा. मोठ्या सरकारी कामांच्या निविदांत वार्षिक उलाढाल, आधी पूर्ण केलेल्या तशाच कामांची यादी आणि बयाणा रक्कम यांच्या अटी असतात. विमानतळ बांधलेल्यानेच विमानतळ बांधावा, हे तर्कशुद्ध दिसते. पण मग संसद कोणी बांधावी? अशा अटींमुळे देशातील बहुसंख्य वास्तुरचनाकार दारातच अडतात आणि तीच ती चार-पाच मोठी कार्यालये शहरोशहरी आलटूनपालटून दिसू लागतात. याला उत्तर दिल्लीतच, इंडिया गेटच्या सावलीत उभे आहे. राष्ट्रीय युद्धस्मारकासाठी २०१६ मध्ये खुली जागतिक स्पर्धा घेण्यात आली. स्मारकासाठी ४२७ प्रवेशिका आल्या. एप्रिल २०१७ मध्ये निकाल लागला तेव्हा पहिले पारितोषिक चेन्नईच्या ‘वीबी डिझाइन लॅब’ या तरुण संस्थेला मिळाले. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी स्मारकाचे लोकार्पण झाले. स्पर्धेने वेळ वाया जातो, असे म्हणणाऱ्यांनी या तारखा एकदा पाहाव्यात. विशेष म्हणजे येथेही परीक्षक मंडळाचे अध्यक्ष बेनिंजरच होते. एकच अध्यक्ष आणि जवळजवळ एकच काळ. एका ठिकाणी निकाल पाळला गेला, दुसऱ्या ठिकाणी नाही. फरक परीक्षकांत नव्हता.

त्याच स्पर्धेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्मारकाबरोबर युद्धसंग्रहालयाचीही स्पर्धा झाली होती आणि ती मुंबईच्या समीप पडोरा यांच्या संस्थेने जिंकली. ते संग्रहालय मात्र कागदावरच राहिले. मुंबईकरांना हे नवीन नाही. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या नव्या दालनासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, २०१४ मध्ये अमेरिकेचे स्टीव्हन हॉल विजयी झाले आणि भायखळ्याच्या त्या आवारात ते दालन काही उभे राहिले नाही. दिल्लीतील इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राची १९८६ ची स्पर्धा राल्फ लर्नर यांनी जिंकली. त्या भव्य आराखड्याचा मोजकाच भाग बांधला गेला. प्रत्येक प्रकल्प रखडण्याची कारणे निराळी असतील, काही रास्तही असतील. परंतु ठरावीक मुदतीत काम सुरू झाले नाही तर विजेत्याला किती आणि केव्हा भरपाई द्यायची, हे नियमपत्रकात आकड्यांत लिहिलेले असले तर स्पर्धा जाहीर करण्यापूर्वी अर्थखाते दोनदा विचार करील. विचार करावा, हाच त्या कलमाचा उपयोग.

लहान संस्थेला एवढे मोठे काम झेपेल का, ही शंका खोटी नाही. पण तिचे उत्तर दार बंद करणे हे नव्हे. विजेत्याकडे पुरेशी साधने नसतील तर त्याने अनुभवी संस्थेला सोबत घ्यावे, अशी तरतूद स्पर्धांच्या जुन्या संकेतांत आहेच. फक्त ती निकालानंतर सुचू नये. सहयोगी कोण निवडणार, अंतिम शब्द कोणाचा आणि शुल्काची वाटणी कशी, हे आधी लिहिलेले असावे. नाही तर काय होते, याचा दाखला थेट अमेरिकेच्या जन्मकाळात सापडतो. तेथील कॅपिटॉलसाठी १७९२ मध्ये जाहीर झालेल्या स्पर्धेत विल्यम थॉर्नटन यांचा आराखडा मुदत उलटून गेल्यावर आला. तरी जॉर्ज वॉशिंग्टन यांना तो भावला आणि तोच निवडला गेला. थॉर्नटन हे पेशाने वैद्य. मग बांधकामाची देखरेख दिली गेली स्पर्धेत मागे पडलेल्या स्टीफन हॅलेट यांच्याकडे. त्यांनी विजेत्याचा आराखडा आपल्या मनाप्रमाणे बदलायला घेतला, यात नवल ते काय!

सरकारची बाजू मांडणारे एक आक्षेप घेतात आणि तो गांभीर्याने घेण्याजोगा आहे. मूठभर वास्तुरचनाकारांच्या मंडळाने लोकनियुक्त सरकारवर आपली आवड लादावी का? विधानसभा कशी दिसावी हे आमदारांनी ठरवू नये, तर कोणी? माझे उत्तर असे की, त्यांनी जरूर ठरवावे, पण आधी. १८३४ च्या ऑक्टोबरात लंडनचे वेस्टमिन्स्टर आगीत भस्मसात झाल्यावर नव्या संसदभवनासाठी स्पर्धा झाली. इमारत गॉथिक किंवा एलिझाबेथकालीन शैलीतच हवी, असे नियमांत स्पष्ट सांगितले होते. ही अट अनेक वास्तुरचनाकारांना जाचक वाटली. पण ती सर्वांना सारखी ठाऊक होती आणि पहिली रेघ ओढण्यापूर्वी ठाऊक होती. ९७ आराखडे आले. त्यांवर नावांऐवजी खुणा होत्या. चौसष्टाव्या क्रमांकाच्या आराखड्यावर किल्ल्याच्या दरवाजाच्या जाळीचे चित्र होते. तो चार्ल्स बॅरी यांचा निघाला. ती जाळी आज ब्रिटिश संसदेचे चिन्ह आहे. आंध्रच्या सरकारला विधानसभेवर तेलुगू संस्कृतीची ठळक मुद्रा हवी असेल, तर ती इच्छा पूर्णतः वैध आहे. तिची जागा स्पर्धकांना दिल्या जाणाऱ्या गरजपत्रकात आहे. परीक्षक मंडळात सरकारचे, विधिमंडळाचे, न्यायालयाचे प्रतिनिधी बसवावेत. जाणकारांचे बहुमत राखून त्यांना मत द्यावे. निकालानंतर मात्र मंत्र्याने चित्रे पाहून नाक मुरडण्याची सोय नसावी.

बॅरी यांच्या इमारतीला अंदाजाच्या कितीतरी पट वेळ आणि पैसा लागला, हेही नोंदवायला हवे. सिडनीच्या ऑपेरा हाउसची कथा तर सर्वश्रुत आहे: १९५७ मध्ये योर्न उत्झोन जिंकले, १९६६ मध्ये भांडणानंतर निघून गेले आणि खर्च सत्तर लाख डॉलरच्या अंदाजावरून दहा कोटींपलीकडे गेला. स्पर्धा घेतली की खर्च आटोक्यात राहतो, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. पहिल्या टप्प्यात केवळ कल्पना आणि दुसऱ्या टप्प्यात निवडक चार-पाच स्पर्धकांकडून, योग्य मानधन देऊन, खर्चाच्या स्वतंत्र पडताळणीसह सविस्तर आराखडे, अशी दोन टप्प्यांची रीत हा धोका काही प्रमाणात कमी करते. पूर्णपणे नाही.

आणखी एक कलम सहसा कोणी वाचत नाही: सादर केलेले सर्व आराखडे आयोजकाच्या मालकीचे होतील. कागद मालकीचा होणे आणि त्यातील कल्पना वापरण्याचा हक्क मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने वास्तुकृतीला संरक्षण दिले आहे, ते हरलेल्या स्पर्धकालाही लागू आहे. पण ते संरक्षण किती तोकडे आहे, हे प्रगती मैदानावरील हॉल ऑफ नेशन्स २०१७ मध्ये पाडला गेला तेव्हा दिसले. वास्तुरचनाकार राज रेवाल दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितले की, मालकाला इमारत पाडण्यापासून रोखण्याचा हक्क रचनाकाराला नाही. कायदा इतपतच साथ देणार असेल, तर हरलेल्याच्या आराखड्यातील जिना आणि जिंकलेल्याचे छत एकत्र करून तिसऱ्याकडून बांधून घेण्याची मुभा आयोजकाला नाही, हे नियमपत्रकानेच सांगायला हवे.

आता करायचे काय? मला नव्या आयोगाची किंवा नव्या कायद्याची गरज वाटत नाही. वित्तीय नियमावलीत वास्तुरचना स्पर्धेसाठी स्वतंत्र नियम घालणे खर्च विभागाच्या हाती आहे. त्या नियमाखाली बांधकाम विभागाने एक प्रमाण नियमपत्रक तयार करावे. त्यात कारण न देता नाकारण्याचे ते वाक्य नसावे. त्याऐवजी असे असावे की, सरकारला निकाल मान्य नसेल तर ते काम थांबवू शकेल, पण कारणे लेखी देऊन आणि ठरलेली भरपाई चुकती करून. आणि त्याच इमारतीसाठी नवी स्पर्धा घेतल्याशिवाय दुसऱ्या कोणाला नेमता येणार नाही. अमुक इतक्या खर्चापलीकडच्या किंवा संसद, विधानमंडळ, उच्च न्यायालय अशा घटनात्मक संस्थांच्या इमारतींसाठी हा मार्ग अनिवार्य असावा. तालुक्याच्या कचेरीसाठी जागतिक स्पर्धा भरवायची गरज नाही.

शंकानिरसनाची सारी प्रश्नोत्तरे, परीक्षक मंडळाचा सविस्तर अहवाल आणि आलेले सगळे आराखडे, हरलेल्यांसह, लोकांपुढे ठेवण्याची अटही त्याच नियमपत्रकात हवी. १८३६ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत वेस्टमिन्स्टरसाठी आलेले आराखडे मांडले गेले आणि लोकांनी ते पाहून परीक्षकांशी कडाडून वाद घातला. पुढच्या वेळी एखाद्या राज्याला नवे विधान भवन हवे असेल, तेव्हा जुन्या विधान भवनाचे एक दालन महिनाभर यासाठी मोकळे करणे अवघड नाही.